उपासनेचा फोटो

दिवे लागणीची वेळ झाली की आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडायला लागतात. सतरंजीवर मांडी घालून बसलेलं कुटुंब, मधोमध उघडं बायबल, सगळ्यांचे डोळे मिटलेले. खाली लगेच जोडलेले हात, फुलं आणि आमेन. मी ते फोटो उघडत नाही, पण ग्रुप सोडतही नाही. सोडला तर 'आमची ताई देवापासून दूर गेली' म्हणून माझ्यासाठी त्याच ग्रुपवर प्रार्थना सुरू होईल, आणि तेवढी ममता सोसायची ताकद माझ्यात उरलेली नाही.

आम्ही लुथरन ख्रिस्ती. संग्रामपूर तालुक्यात असं सांगितलं की माणसं आधी मान डोलावतात आणि मग विचारतात, म्हणजे नेमके कोण? वरवट बकालला आमच्या गल्लीत एका अंगाला बौद्ध घरं, दुसऱ्या अंगाला शेतकरी कुणब्यांची, मध्ये आमचं. 'चर्चवाले' एवढ्या ओळखीवर सगळ्यांचं भागायचं. वडील शिवणकाम करत. आमच्यात अशी रीत आहे, की घरच्या कर्त्या पुरुषानं बायकोपोरांना धर्म शिकवावा. प्रश्न त्यानं विचारायचा, उत्तर बाकीच्यांनी तोंडपाठ द्यायचं, आणि उत्तर आलं की त्याचा अर्थही सांगायचा. आमचे वडील दिवसभर मशीनवर वाकून संध्याकाळी उठायचे तेव्हा त्यांची मान धरलेली असायची. ते भिंतीला पाठ टेकून बसत आणि आईकडे बघत. म्हणजे कर्ता जागेवर हजर असे आणि शिकवायची आई.

तिची शाळा चुलीपुढे भरायची. तव्यावर भाकर टाकली की देवाच्या दहा आज्ञांतली एक विचारायची, भाकर उलटली की तिचा अर्थ. मी आणि माझा धाकटा भाऊ समोर बसलेले. भाऊ हुशार. मोठमोठी उत्तरं तो एका दमात म्हणून टाकायचा, आणि मग पहिली भाकर आपली म्हणून ताट पुढे करायचा. आई ताट हातानं मागे सारायची.

"रेडिओबी बोलते बाप्पा. तू अर्थ सांग."

अर्थ तो कधी सांगू शकला नाही असं मी म्हणणार नाही. सांगायचा, तोही पाठ केलेलाच. आईला ते कळायचं, मग ती हसायची आणि भाकर द्यायची. मुलगा होता ना.

पुढे वडील गेले. भाऊ गावात राहिला, वडिलांच्या दुकानाचं त्यानं कापडाचं दुकान केलं आणि मंडळीचा सेक्रेटरी झाला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले आणि जळगाव जामोदला दोन खोल्यांत राहू लागले. लग्न केलं नाही. त्यासाठीही बरीच वर्षं मंडळीत प्रार्थना चालू होती, अलीकडे त्यांनी तो विषय सोडला आहे.

आईला लकवा झाला तेव्हा ती सत्तरीच्या पुढे होती. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. खामगावच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तिच्या तोंडात एकच अक्षर उरलं होतं, 'दे'. पाणी पाहिजे, दे. कूस बदलायची, दे. माझ्याकडे बघून रडायची तेही दे, दे. जिनं चर्चच्या रविवारच्या शाळेत गावातल्या ख्रिस्ती पोरांच्या दोन पिढ्यांना बोलतं केलं, तिची ही गत. मला देवाचा इतका राग आला होता की त्या आठवड्यात मी त्याच्याशी बोलले नाही.

घरी आणल्यावर पहिल्याच संध्याकाळी भावानं तिच्या खाटेजवळ बसून प्रभूची प्रार्थना सुरू केली. सुरू केली ती रिवाज म्हणून. दुसऱ्या ओळीला आणखी एक आवाज त्यात मिसळला. आम्ही सगळ्यांनी डोळे उघडले. आई म्हणत होती. एकेक शब्द ओढून आणत होती, पण शब्द पुरा होता, आणि सूर तिचाच, वऱ्हाडी, रोजची भाकर मागायच्या ओळीत भाकर या शब्दावर थोडं थांबणारा. भाऊ ढसाढसा रडला. वहिनी तिचे पाय धरून बसली. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल जे लिहिणार आहे त्यावरून ते दगड होते असं कुणाला वाटायला नको. दगड नव्हते, म्हणून तर राग येतो.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की जे लहानपणापासून खोल पाठ झालेलं असतं ते डोक्यात दुसऱ्या जागी राहतं. बोलणं गेलं तरी ते कधी कधी शाबूत असतं. फक्त कुणीतरी सुरुवात करून द्यावी लागते आणि मग थांबावं लागतं. हे थांबणं फार अवघड. दोन ओळींच्या मध्ये आई शोधत राहायची, हनुवटी थरथरायची, कपाळावर घाम यायचा. तिच्याऐवजी कुणी ओळ म्हटली की तिचा धागा तुटायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. आम्ही धावत म्हणतो ती प्रार्थना तिला पुरी करायला भाजी शिजायचा वेळ लागे. पण पुरी करायची. आमेन म्हटल्यावर ती आमच्याकडे अशी बघायची, जशी पूर्वी आमचं उत्तर बरोबर आल्यावर बघायची.

म्हणजे अख्ख्या दिवसात आईचा आवाज निघायचा तो संध्याकाळच्या उपासनेत. बाकी वेळ दे, दे. शनिवारी शाळा सुटली की मी एसटीनं वरवटला जायची आणि रविवारी संध्याकाळची उपासना झाली की परत यायची. आठवड्याचे बाकीचे दिवस भावाच्या हाती. समोरच्या बौद्ध घरातली काकू पुष्कळदा त्या वेळी आमच्या पायरीवर येऊन बसायची. आई आणि ती एकमेकींच्या घरी पापड लाटत आलेल्या. तिला आमच्या प्रार्थनेचं काही नव्हतं, मैत्रिणीचा आवाज ऐकायचा होता.

मग आमच्या चर्चला नवे पाळकसाहेब, म्हणजे पाद्री, आले. तरुण, तळमळीचे. पहिल्याच उपदेशात त्यांनी सांगितलं, की आपल्या घरांतली रोजची प्रार्थना मेली आहे, मुलांना वचनं येत नाहीत, मोबाइलनं घरं खाल्ली आहेत. त्यात खोटं काहीच नव्हतं. मी स्वतः मान डोलावली. आणि या मोबाइलवर त्यांनी उपाय काढला तो मोबाइलचाच. प्रत्येक घरानं रोज संध्याकाळी उपासना करायची आणि तिचा फोटो ग्रुपवर टाकायचा. ज्या घराचा खंड पडणार नाही त्याचा कापणीच्या सणाला सत्कार. शास्त्राची गोडी लागावी म्हणून थोडं प्रोत्साहन, असं ते म्हणाले. सेक्रेटरीचं घर मागे राहून कसं चालेल?

सुरुवातीला फोटो उपासना झाल्यावर निघायचा. पण झाल्यावर सगळ्यांचे डोळे उघडे, पोरं उठलेली, मजा येईना. मग तो प्रार्थना चालू असताना निघू लागला, म्हणजे एकाला डोळे उघडे ठेवून फोन धरावा लागे. ती पाळी वहिनीकडे आली. मग अंधारात फोटो चांगला येत नाही म्हणून तो आधीच, उजेड असताना काढायचं ठरलं. फोटो निघाला की तो टाकायचा, टाकला की कोण काय म्हणतंय ते बघायचं, तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक यायचं, कुकरची शिट्टी व्हायची, आणि उपासना राहून जायची. कुणी ठरवून बंद केली नाही. ठरवून बंद केली असती तर निदान कुणाला तरी जबाबदार धरता आलं असतं.

आईची खाट मागच्या खोलीत होती. तिथे उजेड कमी, आणि खाटेखालचं भांडं फोटोत येतं. म्हणून उपासना पुढच्या खोलीत आली.

मला हे कळायला वेळ लागला, कारण मी शनिवार-रविवारी असायची तेव्हा खाटेजवळ मीच बसायची. आई तेव्हा बोलायची. पण अडखळणं वाढलं होतं. आधी सहज यायच्या त्या ओळींवर ती अडून बसू लागली. मला वाटलं आजार वाढतोय. एका रविवारी कामासाठी मी उपासनेआधीच निघाले, पण बस चुकली म्हणून उजेडीच घरी परत आले, तर पायरीवर काकू भेटली. तिनं मला खाली बसवलं.

"तुयी माय आठोडाभर बोलतच नाई व पोरी. पयले सांजच्याले आवाज ये तिचा, मले माह्या घरात ऐकू ये. आता हे फोटो काढतेत अन् उठतेत. मले तुमच्यातलं काई समजत नाई. पण तिच्यापाशी कोनी बसत नाई, येवढं मले दिसते."

मी आत गेले. पुढच्या खोलीत सतरंजी पसरलेली होती. भाऊ मांडी घालून बसला होता आणि दोन्ही पोरं अंगातले कपडे काढून दुसरे घालत होती. वहिनीनं ओढणी बदललेली. मला बघून ती थोडी ओशाळली.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"काई नाई ताई," वहिनी म्हणाली. "उद्या पाहुणे येऊन राह्यले. म्हून उद्याचा बी आताच काढून ठेवतो. परवाचा बी."

मला हसू आलं, खरंच आलं. परवाच्या देवाला आजच नमस्कार करून ठेवायचा, म्हणजे परवा मोकळे. मी भावाला म्हटलं, चल आत, आईजवळ बस, सुरुवात कर. तो उठला नाही.

"ताई, आईले त्रास होते त्याचा. घाम येते तिले. तू दोन दिवस येतं अन् जातं, तुले काय माईत?"

"तिला बोलायला मिळतं रे तेवढंच."

"ते काई बोलणं नाई. डॉक्टरनं सांगतलं ना, ते पाठ हाय म्हून निंगते. टेप लावल्यावानी. तिले थोडीच समजते ती काय म्हणून राह्यली ते. अर्थ नाई त्याले."

आयुष्यभर पाठ केलेले अर्थ सांगून भाकर खाणारा हा माणूस मला अर्थ शिकवत होता. मी चिडले, खूप बोलले. म्हटलं, आपण चार-पाच वर्षांचे होतो तेव्हा आपल्याला काय समजत होतं? तेव्हा तिनं आपल्याला सोडून दिलं का, की यांना कळत नाही, कशाला शिकवा? आता तिला कळतं की नाही ते मलाही माहीत नाही, तुलाही नाही. पण क्षमेच्या ओळीला ती दर वेळी माझं मनगट धरते. तो सवयीचा भाग असेल तर असू दे.

मग मी म्हटलं, मी तिला जळगावला नेते. दिवसा बाई ठेवीन, संध्याकाळी मी आहेच.

"नाई," तो लगेच म्हणाला. "पोरगा जिता असतांना माय पोरीच्या घरी? लोकं काय म्हणतीन? अन् सणाले पाळकसाहेब आईले समोर बसवा म्हणून राह्यले. आईची सेवा करणारं घर, अन् उपासना बी. तवरी नोको नेऊ."

तवरी नोको नेऊ, म्हणजे सत्कार होईपर्यंत. हे तो अगदी सरळपणे बोलला. मी पाळकसाहेबांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ताई, तुमच्या भावाच्या घराचा एक दिवसही खंड नाही, मी स्वतः रोज फोटो बघतो. थोडी सहनशीलता ठेवा. मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो.

मी त्यांच्या प्रार्थनेवर सोडून काही बसले नाही. शाळा सुटल्यावर आठवड्यात मधे एखाद्या दिवशी वरवट गाठायची, जमेल तेव्हा. पण शेवटची बस लवकर, आईला वेळ लागतो. अर्ध्यावर सोडून उठावं लागायचं. ती ओळ शोधत असायची आणि मी चप्पल शोधत. भावाच्या घरातली पोरं आपल्या खोलीत मोबाइल बघत बसलेली. त्यांना रविवारी चर्चमध्ये म्हणून दाखवायचं वचन वहिनी शनिवारी पाठ करून घ्यायची, सोमवारी ते विसरलेलं असायचं, आणि म्हणून दाखवल्याबद्दल त्यांना पेनचा सेट मिळायचा.

कापणीचा सण आला. आमच्या लहानशा चर्चमध्ये त्या दिवशी वेदीपुढे ज्वारीची कणसं, कापसाची बोंडं, भोपळे, एखादी कोंबडीसुद्धा असते. नंतर त्यांचा लिलाव होतो आणि एकाच भोपळ्यावरून माणसं हौसेनं भांडतात. मला हा सण लहानपणापासून आवडायचा. आईला नवी साडी नेसवून चाकाच्या खुर्चीत पहिल्या रांगेच्या पुढे बसवलं होतं. केसांना तेल, कपाळ पुसलेलं. ती सुंदर दिसत होती.

उपदेश झाला. पाळकसाहेब म्हणाले, आता सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना. सगळी मंडळी उभी राहिली आणि म्हणू लागली, जशी म्हणतात तशी, धावत. मी आईकडे बघत होते. तिचे ओठ हलायला लागले तेव्हा लोक भाकरीच्या ओळीला पोचले होते. आवाज निघायच्या आत आमेन झालं आणि सगळे बसले.

भावाचं नाव पुकारलं. तो आणि वहिनी पुढे गेले. खांद्यावर शाल पडली. मंडळीच्या एका पंचानं फोन वर धरला, म्हणाला, इकडे बघा. टाळ्या सुरू झाल्या, आणि त्या टाळ्यांत आईनं प्रार्थना सुरू केली. पहिली ओळ. मोठ्यानं, सपाट आवाजात, एकेक शब्द ओढून. टाळ्या विरल्या. माणसं एकमेकांकडे बघू लागली. कुणी म्हणालं, म्हातारीले काई होऊन राह्यलं काय? आई थांबली, हनुवटी थरथरली, दुसरी ओळ सापडली, ती म्हणाली. इतक्या माणसांपुढे, कुणी हात न देता, ती दुसरी ओळ म्हणाली. मी मागच्या बाकांतून उठून पुढे यायला निघाले.

मी पोचायच्या आधी वहिनी वाकली. वाईट हेतूनं नाही, घाबरून.

"आई, झाली प्रार्थना. झाली. चूप बसा." असं म्हणत तिनं पदराचा बोळा आईच्या तोंडावर धरला.

भाऊ शाल सावरत उभा होता. त्यानं फोनवाल्या पंचाला हातानं खूण केली, एक मिनिट. पाळकसाहेब प्रेमळपणे म्हणाले, आईंना जरा बाहेर हवेत घेऊन जा. मी खुर्ची ढकलत तिला बाहेर आणलं. आत पुन्हा टाळ्या झाल्या, मघाच्या अर्धवट राहिल्या होत्या म्हणून.

बाहेर कडुनिंबाखाली खुर्ची लावून मी तिच्यापुढे जमिनीवर बसले. तिचं तोंड पदरानं घासून लाल झालं होतं. मी पहिली ओळ म्हटली आणि थांबले. तिनं माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. मी पुन्हा म्हटली. ती दाराकडेच बघत होती. लिलाव सुरू झाला, भोपळ्याला बोली लागली, तरी ती काही बोलली नाही.

सगळं आटोपल्यावर भाऊ बाहेर आला. शाल घडी करून हातात घेतली होती. आईकडे त्यानं बघितलं नाही.

"आता ने तुले न्यायचं तं," तो म्हणाला.

मी तिला त्याच दिवशी रिक्षा करून जळगावला आणलं. काकूनं तिचे कपडे बांधून दिले.

आता आई माझ्याकडे असते. शाळेतून येते, तिला चहा पाजते, भाकरी टाकते आणि खाटेजवळ बसते. माझ्याकडे वेळच वेळ आहे. बस चुकायची नाही, दुकानात गिऱ्हाईक यायचं नाही, फोटो काढायला कुणी नाही. जे तिला हवं होतं ते सगळं आहे. मी पहिली ओळ म्हणते आणि थांबते. ती माझ्या तोंडाकडे बघते. ती ओळ तिला आठवते, हे मला तिच्या डोळ्यांत दिसतं, ओठ हलायला लागतात. तेवढ्यात ती चांगला असलेला डावा हात उचलते आणि आपल्याच तोंडावर दाबून धरते.